न चालवता बुक केलेली गाडी: उन्हाळा, पावसाळा अन् कापसाचा हंगाम काढल्यावर

गाडीचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव आलं की गोष्ट गाडीची राहत नाही, कंपनीची होते. चार मीटरच्या आतली उंच गाडी, १२०० सीसीच्या आतलं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, मधलं मॉडेल, एवढं पुरे. २०२५ च्या गुढीपाडव्याला घरी आणली, पासिंग एमएच २९. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात.

चालवून का पाहिली नाही, हे सगळेच विचारतात. बुकिंग उघडलं तेव्हा जिल्ह्याच्या शोरूममध्ये डेमो गाडी आलीच नव्हती. नागपूरला होती, म्हणजे अख्खा दिवस घालवून जा आणि दहा मिनिटं रिंग रोडवर फिरवून परत या. त्यात सुरुवातीची किंमत पहिल्या काही बुकिंगपुरतीच. हे तंत्र आता सगळ्यांच्याच ओळखीचं आहे. स्कॉर्पिओ-एनच्या वेळी, ३० जुलै २०२२ ला, पहिल्या २५ हजार बुकिंगलाच सुरुवातीची किंमत होती आणि अर्ध्या तासात लाखावर बुकिंग गेलं. थार रॉक्सला ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या तासात १ लाख ७६ हजार. जुनी गाडी विकून बसलेला माणूस अशा वेळी डेमोची वाट पाहत नाही. बुकिंगची रक्कम परत मिळते का, किती कापतात, एवढं वाचून घेतलं आणि पैसे भरले. शेजारचे काका म्हणाले, “अबे, बैल घेतानी दात पाह्यतोस, अन् गाडी फोटोत पाहून घेतली?”

किंमत वाचवली खरी, पण पुढे काय झालं तेही सांगतो. मी घेतली तेव्हा या गटाला २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि जीएसटी १८ टक्के झाला. दहा लाखांच्या गाडीमागे साधारण ८५ हजारांचा फरक. सुरुवातीच्या किमतीत जे वाचलं, त्याच्या कितीतरी पट. मार्चमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून हळहळत बसलो नाही. पण दिवाळीत त्याच रंगाची गाडी घेतलेला साडू भेटला की विषय काढतोच.

ताब्यात घेताना मात्र काही सोडलं नाही. चालवून पाहिली नव्हती, म्हणून तपासून घेतली. चासी नंबरवरून बनावटीचा महिना, टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष, किलोमीटरचा काटा, बोनेटच्या नटांवर पान्ह्याच्या खुणा. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, असं तिथला पोरगा म्हणत होता. तशी सक्ती नसते. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतोच, पण कुठून घ्यायचा ते आपण ठरवायचं.

आता चालवण्याचं. समृद्धीवर गाडी फार गुणी आहे. कारंज्याला चढलो की शंभरच्या आसपास सहाव्या गिअरमध्ये आवाज न करता पळते. काँक्रीटवर टायरचा घरघराट मात्र आत येतो, गाणी मोठी करावी लागतात. यवतमाळहून वर्धेमार्गे नागपूर तर झोपेत गाठावं असं.

खरी परीक्षा गावात आहे. टर्बो इंजिन खालच्या फेऱ्यांना मेलेलं असतं. आमच्या वावराच्या वाटेवर एक नाला आहे, उतरायचा आणि लगेच चढायचा. दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लागलो की इंजिन क्षणभर विचारात पडतं, मग एकदम झेप घेतं. मागे तुरीचे दोन कट्टे आणि घरची चार माणसं असली की तो क्षण लांबतो. पहिला टाकून, क्लच अर्धा दाबून चढवली तर जळका वास येतो. आता नाला दिसला की आधीच पहिला टाकतो आणि क्लच पूर्ण सोडून एका दमात काढतो. हे डेमोत पाच मिनिटांत कळलं असतं, पण फक्त चढ मिळाला असता तर. नागपूरच्या रिंग रोडवर चढ म्हणजे उड्डाणपूल.

जमिनीपासूनची उंचीही तशीच. ब्रोशरमधला आकडा बहुतेक रिकाम्या गाडीचा असतो. भरल्या गाडीत पांदणीच्या मधल्या उंचवट्याला पोट घासतं, आणि पऱ्हाटीची खुंटं खालून ओरखडे काढतात ते वेगळंच.

पावसाळ्यात काळी माती. जुलैत पांदणीतून शंभर पावलं जरी गाडी नेली तरी चाकाच्या वरच्या पोकळीत माती इतकी ठासून बसते की स्टिअरिंग वळवलं की खरखर ऐकू येते. मग उतरून तुराटीनं उकरायची, ती मोडली की दुसरी घ्यायची. दरवाज्याच्या आत बसणाऱ्या मुठी शोरूममध्ये देखण्या दिसतात. चिखल त्यांच्या खाचेत जाऊन वाळला की मूठ बाहेर येत नाही. एसीची बटणं काढून सगळं स्क्रीनवर दिलंय. ओल्या, मातीच्या बोटानं स्क्रीन ऐकत नाही, आणि खड्ड्यात तर बोट भलतीकडेच पडतं. कुणी डिझाइन केलं असेल त्याला एकदा सोयाबीन काढणीला बोलवायचं आहे.

मे महिन्याचं मात्र कौतुक. पारा ४४-४५ वर, गाडी बाजारात उन्हात उभी, तरी काचा जरा खाली करून निघालो की गावाबाहेर पडेपर्यंत आत गारवा. मागे एसीची वेगळी झडप आहे, म्हणून आईही खूश.

आईवरून आठवलं. पाडव्याला पूजा झाली, नारळ फोडला, आणि ती बसायला गेली तर पाय वर जाईना. “बापा, हे त लय उच्ची हाय, कोन्या दगडावर पाय देऊन चढू?” तिचे गुडघे दुखतात, हे मला ठाऊक होतं. दाराच्या उंबरठ्याची उंची मात्र व्हिडिओत कुणी मोजून दाखवली नव्हती. यवतमाळहून पायरी बसवली. ती पहिल्याच पावसात धुऱ्याला घासून वाकडी झाली, काढून टाकली. आता डिक्कीत लाकडी पाट असतो.

मायलेजचे कंपनीचे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर चालवून काढलेले असतात, त्यांना फार मनावर घेऊ नका. मला गावात तेरा-साडेतेरा पडतं, समृद्धीवर शंभरच्या आत ठेवली तर सतरा, आणि १२० च्या मर्यादेला टेकवून पळवली की सरळ खाली. त्यात पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इंजिन त्यासाठीच बनवलेलं आहे, त्रास काही नाही, पण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते, तेवढा फटका बसतोच.

नवीन मॉडेलची एक अडचण आधी ध्यानात येत नाही: सुटे भाग. बाजाराच्या दिवशी एका बैलानं डाव्या आरशाला शिंग लावलं. आरसा गोदामात नाही, वरून येईल, असं उत्तर मिळत राहिलं, आणि कितीतरी दिवस मी चिकटपट्टी लावलेला आरसा घेऊन फिरलो. जुन्या गाडीचा आरसा यवतमाळात कुठल्याही दुकानात मिळाला असता. पहिल्या सर्व्हिसला सॉफ्टवेअरही बदलून दिलं. त्यानंतर स्क्रीन मधूनच काळी पडायची, ते थांबलं.

आणि दिवे. डेमो नेहमी दिवसा, एकट्यानं, रिकाम्या गाडीत. आमच्याकडे गाडीची गरज लागते रात्री. जिनिंगमधून परतताना समोर बिनदिव्याची ट्रॅक्टर ट्रॉली, बाजूच्या तुरीतून उडी मारणारा रोही, म्हणजे नीलगाय. या गाडीचे एलईडी पांढरेशुभ्र, लांबवर फेकणारे, पण कडा एकदम कापल्यासारखी. रस्त्याच्या बाजूला अंधारच. रोही तर बाजूनंच येतो. धुक्याचे दिवे वळणावर आपोआप पेटतात, त्यांनी थोडं भागतं. कंपनीच्या मान्यतेचे जास्तीचे दिवे बसवायचे का, हे विचारून ठेवलंय.

सध्या या मॉडेलची गाडी आसपासच्या गावांत माझ्याकडेच आहे, म्हणून लोक चालवून पाहायला माझ्या अंगणात येतात. मी कुणाला नाही म्हणत नाही. अंधार पडल्यावर या, घरच्या म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा आणि नाल्याच्या वाटेनं न्या, एवढं सांगतो. पेट्रोल ज्याचं त्यानं टाकायचं.