आठ महिने साके पिऊन पाहिल्यावर

तोक्योला बदली झाली तेव्हा साके म्हणजे वाटीएवढ्या पेल्यातून गरमागरम प्यायची एकच कुठलीतरी दारू, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्यानंतर जवळपास दर पंधरवड्याला ७२० मिलीची एक बाटली घरी आली.

सुरुवात केली दास्साई २३ पासून. ही यामागुची प्रांतातली. साके तांदळापासून बनते; हिच्यासाठी यामादा-निशिकी जातीच्या तांदळाचा दाणा घासत घासत २३ टक्क्यांवर आणतात, बाकीची भुकटी होते. पहिल्या घोटालाच पिकलेल्या खरबुजाचा वास नाकात भरला, इतकं नाजूक काही मी आधी प्यायले नव्हते. पण जेवताना मीठ लावून भाजलेला साबा मासा (आपल्या बांगड्याचा भाऊबंदच) पुढे आला आणि तो सुगंध पार हरवला. उलट माशाचाच वास जास्त जाणवायला लागला. गल्लीतल्या दुकानातल्या आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "ती जेवणाआधी घ्या. जेवताना ही," आणि तेंगुमाई यामाहाई जुनमाईची बाटली हातात ठेवली.

ही इशिकावाची. जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके. पेल्यात ओतली की पिवळसर दिसते. यामाहाई पद्धतीत लॅक्टिक आम्ल वरून घालत नाहीत, जिवाणूंना ते आपसूक तयार करू देतात, म्हणून चवीला आंबटपणा आणि दम असतो. थंड प्यायले तेव्हा मला ती राकट वाटली, आवडली नाही. मग गरम करून पाहिली. पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा आणि साके भरलेली मातीची सुरई गळ्यापर्यंत आत सोडायची. दोन-अडीच मिनिटांनी बाहेर काढून बुडाला बोट लावायचं. कोमट लागलं, साधारण ४० अंश, की झालं. आंबटपणा गोडसर होतो, भाताच्या पेजेसारखी ऊब घशातून उतरते आणि तोच साबा दुप्पट चविष्ट लागतो. एकदा फोनच्या नादात ती फार तापली, तर नुसता अल्कोहोलचा भपकारा आला. सुरईपासून हलू नका.

निइगाताची हाक्काइसान कोरडी, स्वच्छ आहे. साशिमीबरोबर (कच्च्या माशाच्या कापांबरोबर) छान लागते, पण मला तिची ओढ लागली नाही.

एका बाटलीने मात्र खरंच वाईट वाटलं. नामाझाके, म्हणजे पाश्चरीकरण न केलेली साके, थंडच ठेवावी लागते. एका मोठ्या दुकानात ती साध्या फळीवर उभी होती आणि मी न विचारता उचलली. घरी उघडली तर कुबट वास, चव कडवट. ओतून टाकावी लागली. नामा घ्यायची तर फ्रीजमधलीच घ्या आणि लेबलवरची तारीख वाचा.

पुण्याची असल्यामुळे ओकायामाचं नाव मला लहानपणापासून माहीत. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं. त्याच ओकायामाचा ओमाची तांदूळ यामादा-निशिकीचा पूर्वज निघाला! त्याची जुनमाई आणली. दास्साईसारखी ती पहिल्या घोटाला मोहवत नाही. पेला हातात तासभर राहिला, थंडी निघाली, तशी ती उलगडत गेली. आधी ओल्या गवताचा वास, मग भाताची गोडी. रात्री उरलेली कोमट करून सुक्या बोंबलांच्या चटणीबरोबर प्यायलो आणि दुसऱ्याच दिवशी तिचीच १.८ लिटरची बाटली घेऊन आलो.