जर्मनीत पवनचक्कीची नोकरी म्हणून 1,85,000 गेले, त्या फोटोतला मीच आहे

मागच्या रविवारी ओळख ना पाळख अशा एका पोराचा मेसेज आला, सोबत एक फोटो. "दादा तुम्ही जर्मनीला गेलाय ना, एजंटने तुमचा फोटो दाखवला, काम कसंय तिकडे?" फोटोत आम्ही सहाजण हार्नेस (उंचीवर अंगाला बांधायचे सेफ्टी पट्टे), हेल्मेट घालून उभे आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय की ही बॅच रवाना झाली. माझ्या जॅकेटवरचं साइटचं नाव वाचून त्याने विचारत विचारत माझा नंबर काढला होता. डावीकडून दुसरा मी.

मी जर्मनीला गेलेलो नाही. मी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच आहे, त्याच जुन्या मशीनवर, आणि त्या एजंटने माझे 1,85,000 रुपये खाल्लेत. तो फोटो अजून फिरतोय म्हणून हे लिहायला बसलोय, जमेल तसं लिहितो.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, सहा वर्षं पवनचक्कीच्या मेंटेनन्सला आहे, कॉन्ट्रॅक्टरकडे, हातात 18,000 येतात. पावसाळ्यात वारा जोरात असतो आणि तेव्हाच मशीन चालू ठेवायची असते, त्यामुळे धुक्यात, भिजत, रात्री अपरात्री शिडीने वर जायचं हे आमचं रोजचं. कामाची तक्रार नाही, पगाराची आहे. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याबरोबर कुशल कामगार पाठवायचा करार झाला ती बातमी सगळीकडे होती, आमच्या साइटवर तर आठवडाभर तोच विषय. आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ग्रुपवर जाहिरात आली, विंड टेक्निशियन पाहिजेत, महिना 3,200 युरो, आयटीआय चालेल, भाषा नको.

मी फोन केला तर समोरचा माणूस इतका गोड बोलला, "दादा तुम्ही सहा वर्षं टॉवरवर चढताय, तुमच्यासारख्यांचीच तिकडे गरज आहे." त्या कराराच्या बातमीचं कात्रण त्याने मला पाठवलं आणि म्हणाला हीच ती स्कीम. इथेच मी गंडलो. करार खरा होता, पण सरकारने कुठल्या खाजगी माणसाला घरोघर पैसे गोळा करायला सांगितलं नव्हतं. सरकारी योजनेत जर्मन भाषेचं शिक्षण सरकारी खर्चाने होतं आणि हा माणूस म्हणत होता भाषाच नको. वर 50 मीटरवर कोणी अडकलं आणि खालून ओरडून काय सांगतायत ते कळलं नाही तर काय होईल हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती, तरी मी तो प्रश्न विचारला नाही.

पहिले 15,000 रजिस्ट्रेशनचे. मग सांगितलं जीडब्ल्यूओ सर्टिफिकेट लागेल, त्याचे 65,000. आता जीडब्ल्यूओ म्हणजे ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन, ही खरी गोष्ट आहे, बाहेरच्या बऱ्याच कंपन्या त्यांचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग मागतात, त्यात उंचीवरचं काम, फर्स्ट एड, आग, वजन उचलणं आणि समुद्रातल्या साइटसाठी सी सर्व्हायवल, म्हणजे पाण्यात पडलं तर जीव वाचवणं, असे भाग असतात. त्यामुळे मला वाटलं माणूस माहितगार आहे.

ट्रेनिंग नवी मुंबईत एका गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये झालं. सहाजण होतो, त्यातले दोघं माझ्याच साइटची पोरं, मीच त्यांना घेऊन गेलो होतो. छताच्या हुकाला एक दोर, आणि हार्नेस आळीपाळीने घालायचा. मी सवयीने हार्नेस हातात घेऊन उलटासुलटा केला, वर चढायच्या आधी आम्ही ते करतोच, तर टॅगवरची तारीख पुसलेली आणि लॅनयार्डच्या, म्हणजे हार्नेस टॉवरला अडकवायच्या पट्ट्याच्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची शिलाई उसवून पट्टा बाहेर आलेला. तो भाग माणूस पडला की झटका सोसून उसवतो, म्हणजे त्यावर आधीच कधीतरी झटका बसलेला होता. असा लॅनयार्ड आमच्या साइटवर दिसला तर सुपरवायझर जागच्या जागी कापून टाकतो, कारण पुढच्या वेळी तो माणसाला धरणार नाही. शिकवणाऱ्या सरांना मी म्हणालो, सर हा तर खराब आहे. ते म्हणाले, "फोटोपुरताच आहे दादा, चढायचंय कुठे." आणि मी तो पट्टा आत खोचला आणि फोटोला उभा राहिलो. हाच तो फोटो.

नुसतं उंचीवरचं काम नीट शिकवायचं तर दोन दिवस जातात, आमचे पाचही भाग दीड दिवसात आटोपले. सी सर्व्हायवलचं सर्टिफिकेट पण दिलं, पाण्याचा थेंब न बघता.

मग 45,000 सर्टिफिकेटच्या मान्यतेचे, त्यावर एम्बसीचा शिक्का मारलेला कागद आला. नंतर कळलं की आयटीआयसारख्या शिक्षणाची मान्यता एम्बसी देतच नाही, उद्योगातल्या बऱ्याचशा ट्रेडसाठी न्युर्नबर्गचं आयएचके फोसा नावाचं ऑफिस कागद तपासतं आणि अर्ज आपला आपण करता येतो. शेवटी व्हिसाचे 60,000. जर्मनीच्या नॅशनल व्हिसाची फी आहे 75 युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने सात हजारांच्या आसपास. हे मी तेव्हा मोबाइलवर पाच मिनिटं शोधलं असतं तरी सापडलं असतं. पैसे आईचे दागिने पतसंस्थेत तारण ठेवून आणले, ते अजून तिथेच आहेत. प्रत्येक वेळी यूपीआय वेगळ्या नावावर जायचं, कंपनीच्या नावाचं एकही खातं नाही, पावती म्हणाल तर मेसेजवर अंगठा.

ऑफर लेटर आलं तेव्हा घरात पेढे वाटले. त्यात लिहिलं होतं ऑफशोअर, म्हणजे समुद्रातली, साइट, श्टुटगार्ट. मी नकाशा बघितला नाही. श्टुटगार्ट जर्मनीच्या दक्षिणेला आहे, तिथून समुद्र कुठल्या कुठे, त्यांच्या समुद्रातल्या पवनचक्क्या सगळ्या उत्तरेला, नॉर्थ सी आणि बाल्टिकमध्ये.

खरं काय ते कळलं साइटवरच. मशीन कंपनीचे सेफ्टी ऑफिसर ऑडिटला आले होते, मी त्यांना सर्टिफिकेट दाखवलं, अभिमानाने दाखवलं. त्यांनी कागद बघितला पण नाही, विचारलं, "विंडा आयडी काय तुझा?" मी म्हटलं तो काय असतो. ते गप्पच झाले. मग त्यांनी बसवून सांगितलं की जीडब्ल्यूओचं ट्रेनिंग कागदावर नसतं, विंडा नावाच्या त्यांच्या ऑनलाइन रेकॉर्डमध्ये असतं, आयडी आपण स्वतः काढायचा, ट्रेनिंग सेंटर त्या आयडीवर नोंद चढवतं, आणि कंपनी तिथेच तपासते. बेसिक ट्रेनिंगची नोंद दोन वर्षं चालते. कुठली सेंटर मान्य आहेत ती यादीही जीडब्ल्यूओच्या साइटवर आहे. आमचं गॅरेज त्यात नव्हतं.

एजंटला फोन केला तर सर्व्हर अपडेट होतोय म्हणाला, चार दिवसांनी फोन बंद. ऑफिसला गेलो तर ती महिन्याच्या भाड्याची जागा, तिथे दुसरीच माणसं बसलेली.

माझं एक वेळ सोडा. माझ्याबरोबरच्या एका पोराने एजंटच्या सांगण्यावरून आधीच राजीनामा दिला होता, त्याच्या घरच्यांनी दुभती म्हैस विकली होती. कॉन्ट्रॅक्टरने त्याला परत घेतलं नाही. तो माझ्या भरवशावर आला होता, त्याच्या आईसमोर मी अजून नीट उभा राहू शकलेलो नाही.

पोलिसात तक्रार दिलीय, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही फोन केला, पण शेवटचा हप्ता देऊन चार महिने झाले होते, खात्यात काही राहिलं नव्हतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या लगेच फोन केला असता तर पैसे पुढे जायच्या आधी बँकेला थांबवता आले असते. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटकडे 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावाने तपासता येते, आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही कामगाराकडून 30,000 अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही पावती देऊन. हे सगळं मला पोलिस स्टेशनच्या बाकावर बसून कळलं. तुम्ही आधी बघा, एक रुपया द्यायच्या आधी बघा, आणि आयडी नंबर, लायसन्स नंबर मागितल्यावर जो माणूस विषय बदलतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

रविवारी ज्याचा मेसेज आला त्या पोराला मी लगेच फोन लावला. त्याने 15,000 आदल्या दिवशीच भरले होते, आणि पुढच्या शनिवारी ट्रेनिंगला जायचं होतं, त्याच हॉलमध्ये. फोनवरच त्याला 1930 लावायला लावला, सकाळी त्याचा मेसेज आला की तक्रार नंबर मिळाला. पैसे अडवता आले की नाही ते अजून कळलेलं नाही.