मोठ्या टायपाचं मराठी बायबल : ५ पैकी ४, एक स्टार चेनचा कापला

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नंबर बदलला, तरी लग्नात मिळालेल्या जुन्या बायबलातली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखीच दिसायची, म्हणून पुण्यात कॅम्पात जाऊन मोठ्या टायपाचं घेऊन आले. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि माणूस बिचारा चांगला आहे.

टाईप खरंच मोठा, काळाभोर, वचनांचे आकडेसुद्धा नीट दिसतात. मजकूर चर्चमधे वाचतात तोच, नवीन सोप्या भाषेतला नाही, तो आमच्या आईंना (म्हणजे सासूबाईंना) चालत नाही. वजन मी किचनच्या काट्यावर केलं, दीड किलोच्या वर भरलं, त्यामुळे आडवं होऊन वाचायचं विसरा, मांडीवर उशी घ्या. कागद पातळ, मागच्या पानावरचं पुसट दिसतं, पेनाने खूण केली की पार पलीकडे उतरते, पेन्सिलच वापरा. खुणेची फीत एकच दिलीय, का देव जाणे, जुन्या कराराला एक आणि नव्याला एक एवढं तर हवंच ना. आणि कव्हरची चेन तिसऱ्या दिवशी रनरसकट हातात आली.

आता हे वापरलं कुठे ते. जूनमधे मिस्टरांची बायपास झाली. हॉस्पिटलचं नाव नको, इन्शुरन्सवाल्यांचं तर नकोच. पाऊस नुकता सुरू झालेला आणि मी स्कुटीवरून कोंढवा ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते बँक, परत हॉस्पिटल, शिवाय तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रार्थनेचे मेसेज, नणंदेच्या ओळखीतल्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठव, कुणीतरी सांगितलं म्हणून अजून एकाला पाठव. कॅशलेसचा फॉर्म दोनदा परत आला, दोन्ही वेळा चूक माझीच, एकदा पॉलिसी नंबरचे दोन आकडे उलटे आणि एकदा सही चुकीच्या चौकटीत. आणि आई मात्र आयसीयूबाहेरच्या खुर्चीत हे दीड किलोचं बायबल मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. पोटचा मुलगा आत आहे आणि या बाई पान उलटतायत!

दुसऱ्या रात्री त्या चष्मा घरी विसरल्या. म्हणाल्या, "तू वाच गं, फीत आहे तिथून." फीत होती यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायात. मी आपलं भराभर सुरू केलं तर त्या म्हणाल्या, "बस पकडायचीय का?"

तो अध्याय ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते, अश्शूरचं सैन्य डोक्यावर आलेलं, यहूदाचे लोक घाबरलेले, आणि ते मदत मागायला मिसर देशाकडे धावतायत, गाढवांवर आणि उंटांवर धनदौलत लादून. यशया म्हणतो ती मदत काही कामाची नाही. मग पंधरावं वचन येतं, परत फिरा, स्वस्थ राहा, शांत राहून भरवसा ठेवण्यातच तुमचं बळ आहे, पण तुम्हाला ते नको होतं. हे वचन कॅलेंडरवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर शंभरदा पाहिलंय. सोळावं कुणी छापत नाही. तिथे लोक म्हणतात, नको, आम्ही घोड्यांवर बसून पळणार. आणि देव म्हणतो, मग पळालच, आणि तुमचा पाठलाग करणारेही वेगवान असतील.

मी थांबले. आईंनी माझ्या हेल्मेटकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझा घोडा पार्किंगमधे आहे ना?" आयसीयूबाहेर आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर बाहेर येऊन बघून गेली.

नंतर पाचेक मिनिटं आम्ही काहीच बोललो नाही, मोठ्याने प्रार्थना पण नाही. मग मी पर्समधून तो फॉर्म काढला, बायबलवरच ठेवला, तेवढं तरी ते जाड आहे, आणि एकेक चौकट बोट ठेवून भरली. या वेळी परत आला नाही. पैसे मात्र कापायचे ते कापलेच, चमत्कार वगैरे काही सांगत नाहीये. ग्रुपवर एकांनी लिहिलं होतं की विश्वास असेल तर ऑपरेशन कशाला, त्यांना मी त्याच रात्री म्यूट केलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मी बसले होते कारण सर्जनचं काम मला येत नाही, आणि ज्याचं आहे तो करतोय.

या बाईत हे कुठून येतं ते मला थोडं माहितीय. त्यांची आजी दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमधे आलेली मुलगी, पंडिता रमाबाईंच्या हाताखाली वाढलेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या मराठीत आणत होत्या, कमी ऐकू यायचं, त्यात १९२१ मधे एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम सुरूच, १९२२ च्या एप्रिलमधे स्वतः गेल्या आणि ते भाषांतर छापून आलं १९२४ मधे. (हे विकत घेतलेलं ते भाषांतर नाही, गैरसमज नको.) आईंच्या घरात ही गोष्ट रडत नाही सांगत, भाजी निवडताना सांगतात.

मोबाईलवर फुकट मिळतं मग हे कशाला, असं मुलाने विचारलं. अॅप माझ्याकडे पण आहे, शोधायला मस्त, पण वचन वाचता वाचता वर बँकेचा मेसेज येतो आणि मी तिकडेच जाते. मोठ्या टायपात एका पानावर मजकूर कमी बसतो, त्यामुळे हळूच वाचलं जातं. त्या रात्री मी मार्कचा चौथा अध्याय पण वाचला, वादळात येशू होडीच्या मागच्या बाजूला झोपलाय, आणि उशीवर डोकं ठेवून झोपला होता हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एकटा मार्क सांगतो. इतकी वर्षं ती उशी मला दिसलीच नव्हती.

चेनबद्दल दुकानात गेले तर ते म्हणाले बिल आहे, घेऊन या, नवीन कॉपी देतो. घरी येऊन बघते तर आईंनी पुढच्या कोऱ्या पानावर, जिथे घरातल्यांचे जन्म आणि लग्नं लिहितात तिथे, बॉलपेनने मिस्टरांच्या ऑपरेशनची तारीख लिहून टाकलेली. शाई अर्थातच पलीकडे उतरलीय. आता कसलं बदलून घेता, खणाची पिशवी शिवायला टाकलीय.