वांग विएंगची भाड्याची स्कूटर आम्हाला 83,310 रुपयांना पडली

आकडा शीर्षकातच लिहिला आहे, कारण पुढे लिहिता लिहिता तो कमी करून सांगण्याचा मोह मला होईल. मी 31 वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यातील शेवटची 9 वर्षे कर्ज विभागात दुसऱ्यांची कागदपत्रे तपासण्यात घालवली. करार न वाचता सही करणाऱ्या खातेदारांना मी काचेच्या आडून जे काही ऐकवले असेल, ते सगळे फेब्रुवारी 2025 मध्ये लाओसमधील वांग विएंग या गावात माझ्याच वाट्याला आले.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे पाठीवर एकेक पिशवी घेऊन निघालो होतो. नाम सोंग नदीच्या काठी आठ दिवस राहायचे, समोरचे चुनखडीचे डोंगर आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावरून तरंगत जाणारे गरम हवेचे फुगे पाहायचे, एवढाच बेत होता. पहिले चार दिवस अगदी तसेच गेले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, निळ्या पाण्याच्या डोहांकडे आणि नाम साय टेकडीकडे जाण्यासाठी स्कूटर भाड्याने घेण्याचे ठरले. त्या टेकडीच्या माथ्यावर लोकांना छायाचित्रे काढता यावीत म्हणून एक मोटरसायकल कायमची उभी करून ठेवलेली आहे. ती मात्र कोणी चोरत नाही.

आम्ही बेसावध होतो, असे कृपया समजू नका. आरटीओत 1,000 रुपये भरून मी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला होता. जुने ओरखडे दाखवून भरपाई उकळण्याचा डाव सर्वांप्रमाणे मलाही माहीत होता, म्हणून दुकानासमोरच मी स्कूटरचे चारही बाजूंनी चित्रीकरण केले. तेव्हा दुकानदाराने हसत हसत माझ्या नजरेतून सुटलेले आणखी दोन ओरखडे स्वतः दाखवले आणि मी तिथेच विरघळलो. जो माणूस आपणहून ओरखडे दाखवतो, त्याचा धंदा ओरखड्यांवर चालत नाही, एवढे मला कळले. मग तो कशावर चालतो, हे विचारण्याचे सुचले नाही.

भाडे दिवसाला 1,30,000 किप (लाओसचे चलन), तीन दिवसांचे 3,90,000 किप आगाऊ. अनामत म्हणून 500 डॉलर रोख किंवा पासपोर्ट. मी पासपोर्ट दिला. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 17 नुसार तो कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो, हे मला पाठ आहे, आणि तरीही सरकारची ती मालमत्ता मी एका टेबलाच्या खणात जाऊ दिली, कारण अनोळखी माणसाकडे 500 डॉलर ठेवणे मला धोक्याचे वाटले! रोख अनामत बुडाली असती, तर नुकसान 500 डॉलरवर थांबले असते. पासपोर्ट गहाण ठेवला की रकमेला वरची मर्यादा राहत नाही. कोणी छायाप्रत आणि रोख रकमेवर वाहन देत नसेल, तर सायकल घ्या किंवा चालत जा.

सही करताना ही म्हणाली होती, “अहो, खालचं बारीक अक्षर वाचा तरी.” मी म्हणालो, “अगं, परवाना आहे, विमा आहे, व्हिडिओ आहे, अजून काय हवंय?” खालच्या बारीक अक्षरांत असे लिहिले होते की वाहन हरवल्यास भाडेकरूने 1,800 डॉलर द्यावेत.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, तो सांगतो. दुकानदाराने दिलेल्या किल्लीवर कंपनीचे चिन्ह नव्हते. ती बाजारात नव्याने घासून घेतलेली किल्ली होती आणि तिच्या कडा अजून बोटाला टोचत होत्या. मी ती हातात फिरवून पाहिली, हे मला स्पष्ट आठवते. आपल्याकडे वाहन चोरीला गेले की विमा कंपनी दोन्ही किल्ल्या जमा करायला लावते, आणि ती तसे का करते, हे मी स्वतः कितीतरी कर्जदारांना समजावून सांगितले आहे. तोच मी ती किल्ली खिशात टाकून मोकळा झालो. हँडलचे कुलूप बिघडले आहे, असे सांगून त्याने चाकाला लावायचे आपले कुलूप दिले, “फक्त हेच वापरा” असे बजावले आणि आमच्या अतिथिगृहाचे नाव करारात लिहून घेतले. ही तिन्ही वाक्ये एकाच तोंडून ऐकल्यावर पाय मागे घ्यायला हवा होता.

शनिवारी संध्याकाळी दुकानातील मुलगा आमच्या फाटकासमोरून सावकाश गेला. त्याने स्कूटरकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि आम्हीच त्याला आनंदाने हात केला. अतिथिगृहाच्या मालकीणबाईंनी स्कूटर आतल्या अंगणात घ्या, असे खुणेने सांगितले होते. पण चाकाला कुलूप होते आणि मला कंटाळा आला होता. रविवारी सकाळी तिथे स्कूटरही नव्हती आणि तुटलेल्या कुलपाचा तुकडाही नव्हता. दुकानाच्याच माणसांनी दुसऱ्या किल्लीने ती नेली, असा माझा संशय आहे.

दुकानदाराला जराही आश्चर्य वाटले नाही. करार बाहेर काढलेलाच होता आणि 1,800 या आकड्याखाली रेघ ओढलेली होती. आमचे राजधानी व्हिएंतियानला जाणाऱ्या रेल्वेचे आरक्षण मंगळवारचे, विमान बुधवारचे, आणि त्या रेल्वेत पासपोर्ट दाखवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. परतीची तारीख मी त्याला शुक्रवारी गप्पांच्या ओघात सांगून बसलो होतो. तारीख विचारली, तर खोटी सांगा.

पोलिसांकडे गेलो. रविवार असल्यामुळे इंग्रजी जाणणारे कोणी नाही, उद्या या, असे उत्तर मिळाले. सोमवारी सकाळी दोन तास बाकावर बसवून ठेवल्यानंतर एका अधिकाऱ्याने करार पाहिला, माझी सही बोटाने दाखवली आणि हे तुमच्या दोघांतील देणेघेणे आहे, असे सांगितले. दुसरी किल्ली दुकानदाराकडे आहे का, एवढे तरी विचारा, अशी मी विनवणी केली. त्यांनी दुकानदाराला बोलावले, त्याच्याशी हसून बोलले आणि मला “दोघे मिळून मार्ग काढा” असा सल्ला दिला. चोरीची नोंद हवी असेल, तर 2,00,000 किप लागतील, असे सांगण्यात आले. ते मी भरले, आणि हातात आलेल्या अर्ध्या पानाच्या लाओ मजकुरात चोरी हा शब्दच नव्हता, वाहन “परत केले नाही” एवढेच होते, हे मला पुण्यात भाषांतर करून घेतल्यावर कळले. म्हणजे पैसे भरून मी स्वतःविरुद्धच कागद करून घेतला.

सोमवारी संध्याकाळी 900 डॉलरवर तडजोड झाली. 400 डॉलर आमच्याजवळ होते. उरलेल्या 500 डॉलरचे 1,08,00,000 किप एटीएममधून काढावे लागले. मशीन एका वेळी 20,00,000 किपच देत असल्यामुळे सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी तिथले शुल्क वेगळे, आपल्या बँकेचे वेगळे. रुपयांत हिशेब असा: तडजोडीचे 78,300, शुल्काचे 2,640, भाड्याचे 1,570 आणि त्या अर्ध्या पानाचे 800. दुकानदाराने नोटा दोनदा मोजल्या आणि पासपोर्ट देताना मला बिअर देऊ केली.

प्रवास विमा कंपनीने प्रथम चोरीचा अहवाल मागितला, मग तो अपुरा ठरवला, आणि शेवटी भाड्याच्या वाहनाची जबाबदारी पॉलिसीत येतच नाही, असे कळवले. हे शेवटचे पत्र आधी पाठवले असते, तर भाषांतराचे आणि नोटरीचे हेलपाटे वाचले असते. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गुन्हा परदेशातील असल्याचे कारण सांगून अर्जही घेतला नाही, पोच तरी द्या, म्हटले, तर “काका, तुम्ही तर बँकेत होतात ना?” असे विचारण्यात आले.

स्वतःचे कुलूप पुण्याहून घेऊन जा. चांगले कुलूप 83,310 रुपयांपेक्षा स्वस्त मिळते. ही हल्ली त्या विषयावर काहीच बोलत नाही, हे बोलण्यापेक्षा जड जाते. मुलाला आम्ही 40,000 गेले, असे सांगितले आहे. खरा आकडा त्याला हे वाचूनच कळेल.