एका दुपारच्या मुंबईत रेकॉर्ड कुठे घ्याव्यात: चोर बाजार की ऐकवून देणारे दुकान?

मी साताऱ्याला राहतो आणि कामानिमित्त वर्षातून चार-पाच वेळा मुंबईला येतो. काम दुपारपर्यंत आटोपते, परतीची महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री असते आणि मधले पाच-सहा तास मी गेली अनेक वर्षे रेकॉर्ड शोधण्यात घालवत आलो आहे. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाल्यापासून बाहेरगावच्या माणसाने डोळे मिटून गाठावे असे एकच ठिकाण मुंबईत उरलेले नाही. आता निवड मुख्यतः दोन प्रकारांत करावी लागते. एक म्हणजे भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार. दुसरा म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ करून, प्रत ठरवून, किमतीची चिठ्ठी लावून विकणारी रीतसर दुकाने. माहीमचे द रिव्हॉल्व्हर क्लब हे त्यांतले बऱ्याच जणांना ठाऊक असलेले नाव. फोर्टात फाउंटनच्या पदपथावरही रेकॉर्ड मिळतात, पण निवडीच्या दृष्टीने तो चोर बाजाराचाच धाकटा भाऊ मानावा, म्हणून त्याचा वेगळा विचार येथे करत नाही. हाताशी प्लेअर आहे, एलपी (बराच वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड) आणि अठ्ठ्याहत्तरची तबकडी (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी लाखेची रेकॉर्ड) यांतला फरक ठाऊक आहे आणि मुख्य ओढ मराठी व शास्त्रीय संगीताची आहे, अशा वाचकासाठी हे लिहीत आहे.

चोर बाजाराच्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिथला माल कोणी निवडून आणलेला नसतो. जुनी घरे रिकामी होतात तेव्हा कपाटे, घड्याळे, झुंबरे यांच्याबरोबर रेकॉर्डचे खोकेही येतात, आणि त्यामुळे एखाद्या गिरगावकर किंवा दादरकर कुटुंबाची पन्नास वर्षांची आवड एकाच खोक्यात सापडते. नाट्यसंगीत, कीर्तन, भावगीत, मध्येच एखादा पाश्चात्त्य वाद्यवृंद, आणि कव्हरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलेले घरातल्या कोणाचे तरी नाव. ‘यंग इंडिया’ची लेबले मी पहिल्यांदा पाहिली ती इथेच. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा हा शिक्का १९३०च्या दशकातला, आणि त्यावरचे पुष्कळसे गाणे नंतर एलपीवर किंवा कॅसेटवर कधी आलेच नाही. असा माल रीतसर दुकानाच्या फळीवर क्वचितच दिसतो. शिवाय भाव बोलून ठरवता येतो, आणि दहा-बारा तबकड्या एकदम उचलल्या तर तो बराच खाली येतो.

अडचणीही ठाऊक असाव्यात. शुक्रवारी मटण स्ट्रीटची दुकाने बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो, पण दुपारी मोकळा होणाऱ्या पाहुण्याला त्याचा उपयोग नाही. कव्हर एकाचे आणि आतली तबकडी दुसऱ्याची, हे इतक्या वेळा घडते की कव्हरवरचा क्रमांक आतल्या लेबलाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एचएमव्ही कंपनीच्या एलपींवर क्रमांकाआधी ईसीएलपी असेल तर मोनो आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी गफलत टळते. पावसाळ्यात कव्हरला ओल आणि बुरशी धरते. हे सगळे मला चालत होते, कारण या साऱ्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात, हातांना कळतात आणि सवयीने सांभाळता येतात.

जे चालेनासे झाले ते वेगळेच होते. एका फेरीत मला किशोरीताई आमोणकरांचा भूप आणि बागेश्री या रागांचा एलपी मिळाला. क्रमांक जुळत होता, तबकडी सपाट होती, उजेडात तिरपी धरून पाहिली तरी ओरखडा दिसत नव्हता, आणि काळा रंग असा चमकत होता की मी घासाघीस करायचेही विसरलो. ऐकून पाहता येईल का, असे विचारले तेव्हा विक्रेत्याने नम्रपणे सांगितले की प्लेअर बिघडलेला आहे. घरी येऊन ओल्या मऊ फडक्याने तबकडी पुसली तर फडक्याला तेलकट काळपट थर आला, आणि ती चमक कशाची होती ते तिथेच कळले. तरीही भूपाची बाजू लावली. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल बऱ्यापैकी स्वच्छ वाजला. जसजशी सुई आत सरकली आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश सुरू झाली, तसतसा प्रत्येक तानेच्या टोकाला आवाज फाटू लागला. जिथे आवाज तार सप्तकात जातो, ज्या जागेसाठी ती रेकॉर्ड हवी होती, नेमकी तीच जागा खरखरीने भरलेली होती.

यात दैव नव्हते, कारण होते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून साधारण ९० सेंटीमीटर खाच जाते, तर लेबलाजवळच्या शेवटच्या फेऱ्यात ४० सेंटीमीटरही जात नाही. तेवढ्याच वेळाचे गाणे तिथे निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेले असते, त्यामुळे झिजलेल्या सुईने किंवा सुईचा दांडा जड असलेल्या प्लेअरवर रेकॉर्ड वर्षानुवर्षे वाजली असेल तर पहिली इजा होते ती तिथल्या सूक्ष्म वळणांना आणि मोठ्या आवाजाच्या जागांना. आपल्या शास्त्रीय गायनाचा क्रमच असा आहे की विलंबित आधी आणि द्रुत शेवटी. म्हणजे एका बाजूला एक राग असलेल्या एलपीवर मैफलीचा कळस नेमका झिजेच्या जागी येऊन बसतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा दिसतो, वाक दिसतो, बुरशी दिसते, पण खाचेची झीज कानांनाच कळते. आणि मी साताऱ्याला पोहोचलेला असतो. मुंबईत राहणारा रसिक दुसऱ्या दिवशी जाऊन तबकडी बदलून मागू शकेल. मी तीन महिन्यांनी गेलो तेव्हा त्या खोक्यांचा मालकही वेगळा होता.

त्यानंतर मी रीतसर दुकानाकडे वळलो. मी जातो तिथे भिंतीला लागून एक चांगला प्लेअर आणि हेडफोन ठेवलेले आहेत, आणि जुन्या मालातली कोणतीही रेकॉर्ड विकत घेण्याआधी ऐकता येते. पहिल्या दिवशी मी तीच एलपी मागितली. ती होती. मी संकोचून विचारले की सुई एकदम आत ठेवून फक्त द्रुत ऐकली तर चालेल का, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने काही न बोलता प्लेअरचा दांडा उचलून सुई शेवटच्या तिसऱ्या भागावर अलगद टेकवली. तान वर गेली आणि स्वच्छ परत आली. बाजारात मी जी रेकॉर्ड २५० रुपयांना घेतली होती तिचे इथे ११०० पडले. तरीही ते महाग वाटले नाहीत, कारण ते २५० रुपये तर वायाच गेले होते, आणि त्याआधीच्या आठ-दहा खरेद्यांचा हिशेब मनाशी मांडला तेव्हा धड वाजणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे मी बाजारातही जवळपास तेवढेच मोजत आलो होतो.

या प्रकाराच्या उणिवा लपवण्याचे कारण नाही. अशा दुकानांतली बरीचशी जागा पाश्चात्त्य संगीताच्या नव्या छपाईने व्यापलेली असते, आणि त्या रेकॉर्ड सीलबंद असल्याने ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. हिंदी चित्रपटसंगीत बरे मिळते, शास्त्रीय त्याहून कमी, आणि मराठीचा कप्पा अनेकदा एवढा लहान असतो की पाहणाऱ्याचा जीव थोडा थोडा होतो. नाट्यसंगीताची एखादी चांगली एलपी यायला माझ्या तीन फेऱ्या गेल्या. भावात घासाघीस नाही, आणि चोर बाजारात खोक्याच्या तळाशी काय निघेल याची जी धडधड असते ती इथे नाही. ज्याला शोधण्यातच आनंद आहे, त्याला माझा कल कदाचित पटणार नाही आणि त्यात त्याची चूक आहे असेही मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे एकच दुपार आहे आणि रात्री गाडी पकडायची आहे, त्याने एलपीसाठी आधी ऐकवणाऱ्या दुकानात जावे असे माझे मत आहे. आणि फोन करून दोन गोष्टी आधीच विचाराव्यात: मराठीत सध्या काय आहे, आणि जुनी रेकॉर्ड ऐकू देता का.

वेळ उरलाच तर चोर बाजार दूर नाही. माहीमहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची लोकल थेट सँडहर्स्ट रोडला सोडते, आणि तिथून मटण स्ट्रीट पंधरा-वीस मिनिटे चालत आहे. मी अजूनही तिथे जातो, मात्र केवळ अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांसाठी. लाखेच्या तबकडीची झीज लपत नाही. पोलादी पिनेने खाच खाल्लेली असेल तर काळा रंग जाऊन राखाडी पट्टा उमटतो, आणि तो तिथल्या अरुंद उजेडातही दिसतो. शिवाय एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे एकच पद असते, त्यामुळे कुठे काय बिघडले असेल याचा अंदाज बांधता येतो. जिचा रंग कडेपासून लेबलापर्यंत एकसारखा काळा आहे तीच घ्यावी, आणि ती वाजवण्यासाठी एलपीची सुई वापरू नये, कारण या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला त्या मापाची वेगळी सुई लागते. घरी नेताना दोन तबकड्यांमध्ये जाड पुठ्ठा घालून पिशवी उभी धरावी आणि गाडीत ती बर्थखाली न सरकवता उशाशी घ्यावी. लाख वाकत नाही, तडकते. माझ्या दोन तबकड्या अशा कर्जत आणि लोणावळ्याच्या दरम्यान गेल्या आहेत, आणि त्यांतली एक यंग इंडियाची होती.