‘बॉरो’ की ‘लेंड’? चिनी भाषकांची नेहमीची अडचण

चिनीत उसनं घेणं आणि उसनं देणं या दोन्हींसाठी ‘ज्ये’ हे एकच क्रियापद आहे. ‘वो ज्ये था ई पन शू’ या वाक्यातून मी त्याला पुस्तक दिलं की त्याच्याकडून घेतलं, हे नुसतं ऐकून ठरत नाही. म्हणूनच ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ ही चूक इतकी होते.

इंग्रजीत वस्तू वाक्याच्या कर्त्याकडे येत असेल तर ‘बॉरो’, पुढे ‘फ्रॉम’. कर्त्याकडून जात असेल तर ‘लेंड’, पुढे ‘टू’ किंवा थेट व्यक्ती: ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ भूतकाळी रूपं ‘बॉरोड’ आणि ‘लेंट’.

चिनी वाक्यात ‘ज्ये’ला ‘गेई’ (म्हणजे ‘देणं’, ‘-ला’) जोडता आलं तर ‘लेंड’. व्यक्तीआधी ‘गन’ (इथे अर्थ ‘-कडून’) बसत असेल तर ‘बॉरो’. ही कसोटी पाठ केलेल्या अर्थांपेक्षा कितीतरी भरवशाची. मराठी माणसाला तर ‘उसनं’नंतरचं घेणं-देणंच उत्तर सांगतं!

स्वच्छतागृहासाठी मात्र दोन्ही नकोत. चिनीत तेही ‘ज्ये’ चालतं. इंग्रजीत उचलून न नेता येणाऱ्या गोष्टीला सहसा ‘यूज’ म्हणावं.