शुगरचं मशीन ११ महिने वापरून झालं: घेण्याआधी स्ट्रिपच्या डबीची चौकशी करा

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, १८ जुलैला सकाळी सहा वाजता या मशीनने माझी उपाशीपोटीची शुगर ६१ दाखवली. घाम नाही, थरथर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. पण मी ग्लिमेपिराइड घेते आणि त्या गोळीने शुगर खाली जाऊ शकते. ७० च्या खाली आकडा दिसला की विचार करत बसायचं नाही, आधी साखर खायची, हे डॉक्टरांनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर एरर. दुसरी स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब टिपायची पट्टी, लावली, पुन्हा एरर. तिसरीला १८८. मग ह्यांनी रिक्षा आणली, लॅबमध्ये गेलो, तिथे १९६ आली. सकाळची ६१ खरी होती की खोटी, हे आता कधीच कळणार नाही. जी साखर इतके महिने तोंडात घातली नव्हती ती मात्र त्या आकड्यामुळे पोटात गेली. त्या दिवशीच ठरवलं की या मशीनबद्दल सविस्तर लिहायचं.

मी देवरुखची. घरी पोह्याचे आणि उडदाचे पापड, सांडगी मिरच्या, मे महिन्यात आंब्याची साठं आणि फणसपोळी करून विकते. शुगर सात वर्षांपासून आहे. मशीन गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलीने पाठवलं. तेव्हा माझी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.६ आली होती. सरासरी धरली तर २०० च्या आसपास. मी मात्र निर्धास्त होते, कारण दर महिन्याला लॅबमध्ये उपाशीपोटी तपासायचे आणि १२८, १३५ असे आकडे यायचे. जेवणानंतरचं तपासायला दोन तास थांबावं लागतं, पापड वाळत टाकलेले असताना तेवढा वेळ कोण थांबणार, म्हणून ते कधी केलंच नाही.

मशीन नऊशे रुपयांचं. सोबत २५ स्ट्रिप, टोचायचं पेन, दहा सुया. आकडे मोठे दिसतात, चष्म्याशिवाय वाचता येतात. पाच सेकंदांत उत्तर येतं. आतला बटणासारखा सेल अजून पहिलाच आहे. मशीनबद्दल एवढंच, कारण मशीनला मला नावं ठेवायची नाहीत. पहिल्याच महिन्यात रत्नागिरीच्या लॅबमध्ये रक्त देताना तिथेच बोट टोचून ताडून पाहिलं होतं. लॅबची १४२, मशीनची १५१. या मशीनांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २०१३ चा जो नियम आहे, त्यात शंभराच्या वरच्या आकड्याला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. १५१ त्यात सहज बसतं. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. मशीन २०० म्हणालं तर रक्तात १७५ ही असू शकते आणि २३० ही. काल १६० होती, आज १७२ झाली, म्हणून जीव घाबरा करू नका. मी पहिले दोन महिने तेच करत होते.

या मशीनने मला जे दाखवलं ते सात वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी २४७! ताटात काय होतं, तर भात, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची एक भाकरी. रोजचंच जेवण. मग भाकरी बदलून बघितली. नाचणीची कितीही खा, असं आमच्याकडे सगळे सांगतात. दोन खाल्ल्या, २१९. एकच भाकरी, आधी वाटीभर मटकीची उसळ, भात दोन घास, तेव्हा १६८. प्रत्येकाचं शरीर वेगळं, माझे आकडे तुमचे होणार नाहीत. पण माझ्या ताटाचा हिशेब मला माझ्याच बोटातून कळला.

आता डबीकडे येते. आधी मी या मशीनला पाचपैकी पाच देणार होते ते या डबीमुळे अडलं.

स्ट्रिपच्या टोकाला रक्तातली साखर ओळखणारं एन्झाइम लावलेलं असतं, त्याच्यावर सगळी मदार. ते हवेतल्या ओलाव्याने खराब होतं. म्हणून डबीच्या आत ओल शोषणारा पदार्थ भरलेला असतो आणि म्हणूनच स्ट्रिप दुसऱ्या डब्यात काढून ठेवायच्या नसतात. माझ्या कंपनीच्या डबीवर लिहिलंय की उघडल्यापासून ९० दिवसांत संपवा. तेही चष्मा लावून, उजेडाकडे धरून वाचावं लागतं.

मी इन्सुलिनवर नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एक जोडी तपासायला सांगितलीय, एक उपाशीपोटी आणि एक जेवणानंतर. म्हणजे आठवड्याला दोन स्ट्रिप. ९० दिवसांत तेरा आठवडे बसतात, लागतात २६. कंपनीची मोठी डबी ५० ची, ९५० रुपयांना. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठी घ्या, एक स्ट्रिप १९ ला पडते." घेतली. पण ९० दिवसांनी २४ उरणार असतील तर वापरलेली एक स्ट्रिप साडेछत्तीस रुपयांना पडली! २५ ची डबी ५६० ची, तिच्यातली स्ट्रिप २२ रुपये ४० पैशांना. दिसायला महाग, पण सगळ्या वापरल्या जातात. मी पापडाच्या पाकिटामागे पन्नास पैशांचा हिशेब करणारी बाई, आणि हा हिशेब मला सहा महिने सुचला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीने नंतर चौकशी केली. काही कंपन्या ५० चा खोका २५-२५ च्या दोन डब्यांत देतात. काहींच्या स्ट्रिप एकेक करून वेगळ्या पाकिटात बंद असतात. काहींच्या डब्या उघडल्यावरही छापील तारखेपर्यंत चालतात. म्हणजे हे करता येतं. मग माझ्या कंपनीला का येत नाही?

आणि ते झाकण. पातळ प्लास्टिकच्या बिजागरीने डबीला चिकटलेलं. नवीन असताना अंगठ्याने दाबलं की टक् वाजतं. तो टक् वाजला की समजायचं, हवा बंद. एप्रिलमध्ये उघडलेल्या डबीचा टक् जूनमध्ये गेला. बिजागरीपाशी केसाएवढी चीर होती, दिव्याखाली धरल्यावर दिसली. झाकण बसायचं, पण नुसतं टेकल्यासारखं. मी त्याला रबर लावलं. पंचवीस वर्षं पापड करतेय, सादळणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पावसात मीठ पाणी सोडतं, काड्यापेटी पेटत नाही, फडताळातल्या वहीची पानं मऊ पडतात. त्यात यंदा पाऊस २५ मेलाच कोकणात आला, माझी शेवटच्या घाण्याची साठं अर्धवट ओली राहिली ती टाकावी लागली. अशा हवेत ती चिरलेल्या झाकणाची डबी स्वयंपाकघरात उभी होती.

१८ जुलैला त्या डबीला ९५ दिवस झाले होते. तारीख उलटली होती, हे मला ठाऊक होतं. पण आत २२ स्ट्रिप होत्या, ४१८ रुपयांच्या. त्या केरात टाकायला हात धजावला नाही. ही चूक माझी. कंपनीच्या माणसाने फोनवर हेच धरून ठेवलं, ९० दिवसांनंतरची जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, कबूल. पण झाकण साठाव्या दिवशी चिरलं त्याचं काय? फोटो पाठवा म्हणाले. पाठवले. चार दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी फोन करून पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. बॅच नंबर, बिल, पिनकोड. तिसऱ्या फोनला मी विचारलं की मशीन बरोबर चालतंय का हे तपासायचं कंट्रोल सोल्यूशन असतं, ते तरी पाठवा. ते तुमच्या भागात उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. शेवटी बावीस दिवसांनी कुरिअर आलं. काय, तर नवीन मशीन! मशीनची तक्रार मी केलीच नव्हती. सोबत दहा स्ट्रिपची छोटी डबी होती, तिच्यावर जुन्या मशीनने १४४ दाखवली आणि नव्याने १४९. जुनं मशीन ठणठणीत आहे. झाकणाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

कंपनीशी माझं भांडण हे दुसरं. पहिल्यात चूक माझी होती, तेही सांगते. मे महिन्यात एका संध्याकाळी ३६८ आली. मी हादरले, कंपनीला फोन लावून तिथल्या मुलीला वाटेल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, हात साबणाने धुऊन पुन्हा करा ना." मी दुपारभर हापूसचा रस काढत होते. हात पाण्याखाली धरले होते, पण नखांच्या कडेला आणि बोटाच्या रेषांत रस सुकून बसलेला होता. साबणाने धुतले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं, १५४. रक्ताच्या एवढ्याशा थेंबात आंब्याचा अंश मिसळला तरी आकडा असा चढतो. त्या मुलीची मी त्याच फोनवर माफी मागितली. फळं कापणाऱ्या, मिठाई करणाऱ्या सगळ्या बायांना मी आता हे सांगते. घरात आजोबा असतील आणि केळं खाऊन लगेच बोट पुढे करत असतील, तर त्यांनाही सांगा.

सुईचं थोडक्यात. दर वेळी नवी वापरा. मी एक सुई आठ-दहा वेळा वापरायचे, बोटांना टोक बोथट लागायला लागलं, लाटणं धरताना ठणकायचं. शंभर सुया दीडशे रुपयांच्या आसपास मिळतात, इथे काटकसर करू नका. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत साठवते. घंटागाडीवर कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात सुई रुतायला नको.

औषधांच्या खर्चाशिवाय हे सांगणं पुरं होत नाही, कारण स्ट्रिपला पैसे उरले ते औषधात वाचले म्हणून. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी सरकारी रुग्णालयात फुकट मिळते, तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. फेब्रुवारीत डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरचीच आणखी एक गोळी लिहून दिली. एक गोळी ६० रुपयांची, महिन्याचे अठराशे! चिठ्ठी पर्समध्ये घडी करून ठेवली आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलं की परवडत नाही. ते म्हणाले, महिनाभर थांबा, मार्चमध्ये पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा ती विकायचा हक्क, संपतंय. मला वाटलं, समजूत काढतायत. पण खरंच ११ मार्चनंतर दुसऱ्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि आमच्याच औषधाच्या दुकानात ती ११ रुपयांना मिळाली. तेच औषध, तेवढीच मात्रा. पावती हातात घेऊन मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसले आणि मुलीला फोन लावला, बोलता येईना. सिटाग्लिप्टिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीचंही २०२२ साली असंच झालं होतं. पेटंट संपल्यावर जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. तेव्हा महागडी चिठ्ठी मिळाली तर मनातल्या मनात गोळी बंद करू नका, डॉक्टरांना तोंडावर विचारा की याला स्वस्त पर्याय कोणता आणि तो कधी येणार. माझ्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या गोळीबरोबर पाणी भरपूर प्यावं लागतं, लघवीच्या जागी खाज आली तर अंगावर काढायची नाही, आणि उलट्या-जुलाब झाले, खाणं बंद झालं तर डॉक्टरांना विचारून ती थांबवायची.

ऑगस्टच्या शेवटी तीन महिन्यांची तपासली, ७.१. सरासरी १५७ च्या घरात. यातलं गोळीचं किती आणि भाकरी मोजून खाण्याचं किती, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण मशीन नसतं तर दुपारच्या ताटाकडे मी बघितलंच नसतं.

मशीनला म्हणून पाचपैकी पाच. डबीला एक, तोही डबी नवीन असताना वाजणाऱ्या त्या टक् साठी. कंपनीचं कोणी वाचत असेल तर मागणी दोनच आहेत. ५० स्ट्रिप २५-२५ च्या दोन डब्यांत द्या आणि ९० दिवसांची सूचना मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. पिशवीभर पापडासाठी आम्हाला वेष्टनावर तारखा छापाव्या लागतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर, म्हणजे हे शुगरचं मशीन, आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. काल २७ तारखेला २५ ची डबी घ्यायला गेले, दुकानदाराने जुन्या छापील किमतीने ५६० सांगितले. मी कागदावर मांडून दाखवलं, त्याने घाऊकवाल्याला फोन केला आणि ५२५ घेतले. घरी येऊन डबीवर मार्करने मोठ्ठं लिहिलंय, उघडली २७ सप्टेंबर, संपवायची २६ डिसेंबर. डबी आता स्वयंपाकघरात नाही, कपाटात घडीच्या साड्यांमागे असते. नवरात्राचा उपास आहे. काल दुपारी वाटीभर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाल्ली, दोन तासांनी २०३. आज वरी अर्धी वाटी घेतलीय, तीन वाजता बघते.